मावशी जागी आहे ना?

—ओढू नका हो. तुटायची नाही ती, हात काळे होतील नुसते. साखळी मीच लावलीय. मी म्हणजे — ओळखलं नाहीत? आत काउंटरवर आत्ता तुम्हाला रिपोर्ट दिला, ती. तुमच्या मिसेसचं नाव दोनदा विचारलं, मग पाकिटावरचं पुन्हा वाचलं, तुम्ही कंटाळून छताकडे बघायला लागलात — ती मी. तुम्ही गाडी लावत होतात तेव्हाच काचेतून दिसली मला. मग तुम्हाला म्हटलं, इथं सही लागेल, आणि हे पेन चालत नाही, थांबा, दुसरं आणते. पेन चालत होतं. चांगलं चालत होतं. मी मागच्या दारानं बाहेर आले, साखळी घातली, परत आत गेले आणि तेच पेन तुमच्या हातात दिलं. तुम्ही त्याच पेनानं सही केलीत. बसा ना. पायरी स्वच्छ आहे, मी रोज इथंच डबा खाते. आता माझी जेवणाची सुट्टी आहे, आतून कुणी बोलवायला येणार नाही. ओरडायचं असेल तर ओरडा, रस्ता वाहता आहे, लोक जमतील — जमू देत, मला काही लपवायचं नाही. ही गाडी माझी आहे.

निळी आहे, दिसतंय मला. आत्ता निळी आहे. माझी होती तेव्हा दुधावरच्या सायीच्या रंगाची होती. रंगाचं काय, कुणीही फासतो. तुम्ही असं करा, हँडलच्या खाली, आतल्या अंगाला, बसल्यावर आपला डावा गुडघा येतो ना, तिथं बोट फिरवा. हातमोजा काढा की. — लागलं? गोल, चपटं, नाण्याएवढं? ते बायकांच्या मनगटी घड्याळाचं पाठचं झाकण आहे. त्याच्यामागे एक भोक आहे, माझ्या वडिलांनी पाडलेलं, आणि ते चुकीच्या जागी पडलं म्हणून त्यांनीच वर ते झाकण चिकटवलं. आता सांगा, अशी घड्याळाचं झाकण लावलेली दुसरी स्कूटर आणायची कुठून? तुमच्या रंगवाल्यानं ते खरवडायचा कंटाळा केला आणि वरूनच फवारा मारला, बरं झालं. — नाही हो, तुम्हाला चोर कुठं म्हटलं मी? चोर असा बायकोचे रिपोर्ट घ्यायला येत नाही. पण तुम्हाला ही कुणीतरी विकली, आणि ज्यानं विकली तो मला हवाय. एवढंच. त्याचा पत्ता सांगा, मी कुलूप काढते, पुढचं चौकीवाले बघतील. तक्रार आहे तिथं — माझे वडील स्वतः जाऊन देऊन आलेत. — सभ्य माणूस होता? सभ्यच दिसतात सगळे. — म्हातारा? म्हाताऱ्यांनाच पुढं करतात ही टोळकी, गिऱ्हाइकाचा विश्वास बसावा म्हणून. कागद घरी आहेत म्हणता, असतील, कागद काय, हवे तसे करून देणारे बसलेत. नाही, थांबा, आधी माझं ऐका. ही गाडी अशी जाणं शक्यच नव्हतं, हे तुम्हाला कळलं पाहिजे. ते कळलं की मग तुम्हालाही तो म्हातारा वेगळा दिसायला लागेल.

माझे वडील घड्याळजी. दुकान बंद केलं त्यांनी, पण टेबल घरी आणलं, अजून डोळ्याला भिंग लावून बसतात. आणि कान असा, की आतल्या खोलीतलं घड्याळ मागं पडायला लागलं तर बाहेर जेवताना हातातला घास तसाच धरून म्हणतात, आजारी आहे ते. घरात आम्ही दोघंच. मी गाडी आणली त्या दिवशी तिच्याभोवती हात मागे बांधून एक चक्कर मारली त्यांनी, जशी काही मुलगीच बघायला आलेत, आणि म्हणाले, कारखान्यानं दिलेलं कुलूप म्हणजे चोराला नुसती विनंती. हँडल जरा हिसडलं की तुटतं. मग लागले मागं. पुढच्या चाकाच्या तबकडीला वेगळं कुलूप, त्याला लाल दोरी हँडलपर्यंत, म्हणजे ते काढायचं विसरून मी गाडी पुढं काढली तर तोंडावर पडायला नको. मग ही साखळी. हिचं कुलूप बघा, बाहेरून साधंच दिसतं, पण ते त्यांनी खोलून आतलं सगळं बदललंय, याची चावी बाजारात कुणी बनवून देणार नाही. चाव्या दोनच. एक माझ्या गळ्यात, ही — आणि एक त्यांच्या टेबलाच्या खणात. रोज गाडी आमच्या इमारतीच्या खाली, जिन्याजवळच्या खांबाला, आमच्या खिडकीच्या बरोबर खाली. त्यांचं म्हणणं, चोराला अशक्य असं काही नसतं, त्याला फक्त कंटाळा आला पाहिजे.

आणि भोंगा. त्याची तर गंमतच होती. बाजारात मिळतात ते भोंगे मांजर अंगावर चढलं तरी केकाटतात, मग लोक लक्षच देत नाहीत. वडील म्हणाले, असा आवाज हवा की माणूस उठलाच पाहिजे. म्हणून त्यांनी जुन्या गजराच्या घड्याळाची घंटाच आत बसवली — तेच ते भोक, आधी त्याची तार तिथून काढणार होते. गाडी कुणी स्टँडवरून उतरवली की खीळ सुटायची आणि गजर. पहिल्याच दिवशी दुपारी कुणाचा तरी धक्का लागला आणि असा खणखणला, की वरच्या मजल्यावरचे काका झोपेतून उठून दाढी करायला बसले. अर्धी दाढी झाल्यावर बायकोनं विचारलं, आता कुठं निघालात. त्या घंटेला रोज चावी द्यावी लागायची, आणि ती वडील द्यायचे, संध्याकाळी, इतर घड्याळांबरोबर. आणि सगळ्यांत शेवटी बटण. ते कुठं आहे ते मी सांगणार नाही, म्हणजे तुम्हाला कळलंच असेल एव्हाना, पण ते एकदा खाली केलं की किल्ली असून गाडी सुरू होत नाही, वीजच तुटते. त्या बटणाला आम्ही घरात एक नाव ठेवलं होतं. ते काही तुम्हाला सांगत नाही, घरचा शब्द आहे तो. चारचौघांतसुद्धा विचारता यायचं एकमेकांना, कुणाला पत्ता लागायचा नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय सोनं लागलं होतं त्या गाडीला. तर ती माझ्या हातापायासारखी होती. काउंटरवर मी आत्ता आत्ता बसायला लागले. आधी मी फेरीवर असायची — पहाटे अंधारात निघायचं, घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे, पायाशी थंड पेटी ठेवायची, आणि ऊन चढायच्या आत सगळं इथं आणून पोचवायचं. म्हातारी माणसं दार उघडं टाकून वाट बघत असायची, कारण रक्त दिल्याशिवाय त्यांना चहा नाही. सुईवाली ताई म्हणायचे मला. मी आत शिरले की आधी चहाचं आधण ठेवायचे आणि मग हात पुढं करायचे. हात हलका होता माझा. टोचलं का, असं विचारायचे, तोवर माझी नळी भरून बाजूला ठेवलेली असायची. एक आजोबा तर म्हणायचे, तू येऊन गेलीस हे मला फक्त कापसावरून कळतं.

तर त्या दिवशी. फेरी करून आले, गाडी लावली, वर जाऊन जेवले आणि झोपले, पहाटे उठणारी माणसं दुपारी झोपतात. उठून खिडकीतून खाली बघितलं तर खांब मोकळा. आणि खांबाशी साखळी. कापलेली नाही, तोडलेली नाही, छान वेटोळं करून ठेवलेली, वर कुलूप. मी जिन्यावरून कशी खाली आले ते मला आठवत नाही. वडील माझ्यामागून आले, साखळीकडे बघितलं, आणि अगदी हळू म्हणाले, म्हणजे लावलीच नव्हतीस. मी म्हटलं, लावली होती. तर म्हणाले, मग उघडी कशी? मग बटणाचं विचारलं. म्हटलं, केलं होतं की खाली. तर म्हणाले, मग गाडी सुरू कशी झाली असेल? रागावले नाहीत हं. रागावले असते तर बरं होतं. डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, दमतेस तू, होतं असं. घंटा वाजली का म्हटलं, तर म्हणाले, कान गेले गं माझे आता. मला वाईट वाटलं. म्हणजे गाडी गेली होती माझी आणि मी त्यांची समजूत घालत होते, की तुमच्या कुलपांचा काही दोष नाही, मीच लावली नसतील. चौकीत मी निघाले होते, तर तू बस, तुझा चेहरा बघ कसा झालाय, मीच जाऊन येतो, म्हणाले. जाऊन आले. लिहून घेतलंय म्हणाले. त्यानंतर मी अधूनमधून विचारायची, काही कळलं का, तर, चौकशी चालू आहे.

पण गाडी गेली हे एक. ते सोसलं असतं. बसनं, चालत, कशीही फेरी केली असती, पहिल्या महिन्यात केलीसुद्धा. पण झालं काय, की माझा माझ्यावरचा विश्वास उडाला. मी साखळी लावली होती, कुलपाचा कट्‌ असा आवाज ऐकला होता, तो अजून माझ्या कानात आहे — आणि तरी लावली नव्हती. मग दुसरं काय काय केलेलं नसतं मी? गॅस बंद केला ना? दोनदा. नळ? दोनदा. हे घरातलं झालं. मग एक दिवस एका घरातून खाली उतरले आणि वाटलं, त्या नळीवर नाव त्यांचंच लावलं ना मी? परत वर गेले, आजी, तुमचं नाव काय हो, म्हणून विचारलं. आजी हसल्या, इतकी वर्षं येतेस आणि नाव विचारतेस? त्या हसल्या, पण मी नळीवरचं नाव पुन्हा वाचलं. मग प्रत्येक घरातून परत फिरायला लागले. आणि एकदा त्या कापूसवाल्या आजोबांचा हात हातात घेतला, शीर बोटाखाली लागली, आणि सुई पुढं जाईना. हात तिथंच थांबला. ते म्हणाले, काय झालं ताई? मी म्हटलं, काही नाही. मग टोचलं, आणि त्यांनी हात मागं घेतला. पहिल्यांदा. त्या दिवशी मी इथल्या डॉक्टरीणबाईंना म्हटलं, मला आत काउंटरवर बसवा. त्यांना वाटलं, वयानं. म्हणून तुमच्या मिसेसचं नाव दोनदा विचारलं मी. तुम्हाला राग आला, पण माझ्याकडून चुकून दुसऱ्या कुणाचं पाकीट तुमच्या हातात पडलं असतं तर? आणि घरी गेले की वडील विचारतात, दाराची कडी लावलीस ना? दोनदा पाहिलीस ना? रोज विचारतात बिचारे.

ही साखळी तेव्हापासून माझ्या पिशवीत असते. आमच्या इथली झाडूवाली मावशी — म्हणजे इथली हो, लॅबमधली — ती हसते मला, म्हणते कुत्रा पळून गेला आणि ही पट्टा घेऊन हिंडतेय. हसू दे. मला माहीत होतं, ही दिसणार कधीतरी. आणि मला फक्त एक विचारायचं होतं त्या चोराला, की बाबा रे, साखळी मी लावली होती का नव्हती? तेवढं सांग आणि गाडी ने. म्हणून तुम्हाला विचारते, तुम्ही घेतलीत तेव्हा आतल्या वायरी तोडलेल्या होत्या का? कारण मी बटण खाली केलं असेल, तर त्यानं वायरी तोडल्याशिवाय गाडी हलणारच नाही. गॅरेजवाल्याला दाखवली असेल ना तुम्ही, आठवून सांगा. तोडून पुन्हा जोडलेल्या होत्या का? — नव्हत्या? एकही नाही? म्हणजे मग — मग मीच. ठीक आहे. म्हणजे मीच विसरले होते. बरं झालं, एकदा कळलं — काय म्हणालात? सांगितलं होतं? बटणाचं? त्या म्हाताऱ्यानं सांगितलं? त्याला कसं — सीटच्या खाली, डावीकडे, हो, बोटाच्या पेराला लागेल असं. हो. आणि काय सांगितलं? नाही, तसं नको, तो जसं म्हणाला तस्संच म्हणा.

मावशीला जागी ठेवा.

पुन्हा म्हणा. — गाडी कुठंही लावली की मावशीला जागी ठेवा, आणि निघताना मावशीला झोपवा. आणि तुम्ही हसलात. तेही हसले? — हं. हसायचेच. नाही, मला पाणी नको, बसा तुम्ही. — माझ्या आईची बहीण होती. ती आमच्याकडे राहायला आली की दाराशी खुर्ची टाकून बसायची. कुठं निघालीस, कुणाबरोबर, किती वाजता येणार. मावशी जागी आहे तोवर घरातून कुणाला निघता यायचं नाही, मला नाही, वडिलांनाही नाही. मग आम्ही दोघं खूण करायचो एकमेकांना, झोपली का? झोपली की हळूच चपला हातात घेऊन बाहेर. मी लहान होते. ते बटण बसवलं त्या दिवशी वडील म्हणाले, ही आता दाराशी बसली. जागी असली की कुणाला जाऊ देत नाही. हे दोनच माणसांना माहीत आहे हो. त्यांत मावशीसुद्धा नाही, ती केव्हाच गेली. मी आणि ते. त्या दिवशी खांबाशी त्यांनी मला बटण नव्हतं विचारलं. मघाशी मी तुम्हाला बटण म्हटलं. ते म्हणाले होते, मावशी जागी ठेवली होतीस ना?

कसे होते दिसायला? — नको, सांगू नका. डाव्या डोळ्याखाली भिंगाचा वळ असेल, गोल. तो जात नाही आता. — तुम्ही चष्म्याच्या दुकानात काचा बसवता? हां. मग बरोबर. भिंगाची काच तडकली होती त्यांची, ती बसवायला आले होते तुमच्याकडे, मीच पाठवलं होतं, दुकान चांगलं आहे म्हणून. तुमचा हात बघितला असेल त्यांनी काम करताना. घासाघीस पण केली नसेल, नाही ना? बारीक काम करणाऱ्याकडे गाडी गेली म्हणजे नीट राहील. — रंग बदला, तेही त्यांनीच सांगितलं. — आणि या रस्त्याला आणू नका, हेही. आणलीत तुम्ही, बायकोचे रिपोर्ट होते म्हणून. कागद त्यांच्याच नावावर होते, हो, गाडी घेतली तेव्हा मला लायसन्स नव्हतं अजून. म्हणजे सगळं रीतसर आहे तुमचं. चौकीतल्या तक्रारीचं काय म्हणता? कुठली तक्रार. ते चौकीत गेलेच नसतील, कोपऱ्यावर उभे राहून आले असतील थोडा वेळ. — आणि काय म्हणाले? माझ्याबद्दल? सांगा, आता काय राहिलंय. — मुलीला आता चालवायची नाही. तिनंच सांगितलंय, विका म्हणून.

चोर साखळी गुंडाळून ठेवतो का हो? नाही ना? मला तेव्हा नाही सुचलं. टेबलावर स्क्रूसुद्धा इकडचा तिकडं पडला तर त्यांना चालत नाही. मी झोपले होते, माझी चावी गळ्यात होती. त्यांनी खणातली घेतली, तबकडीच्या कुलपाची आणि गाडीची जादा किल्लीही तिथंच असते, साखळी काढली, आणि हातानं सवयीनं वेटोळं केलं, वर कुलूप ठेवलं. दुसऱ्याची वस्तू चोरताना माणूस घाई करतो. त्यांना घाई नव्हती. घंटेला आदल्या दिवशी चावीच दिली नसेल. आणि कान गेले म्हणाले! कालच जेवताना म्हणाले, आतलं घड्याळ आजारी आहे. मी ऐकलं, आणि माझ्या डोक्यात आलं नाही. चोरापासून गाडी वाचवायला जे जे करता येतं ते सगळं ज्यानं स्वतःच्या हातानं बसवलं, तो एकच माणूस ती नेऊ शकत होता, आणि मी गावभर चोर शोधतेय, बाहेरच्या माणसांच्या गाड्यांवर बोटं फिरवत.

का ते मला माहीत आहे. विचारू नका. त्याच्या आधी एकदा पहाटे एक ट्रक मला घासून गेला होता, कोपराला टाके पडले, एवढंच. ते म्हणाले, सोड हे आता. मी म्हटलं, नाही सोडणार. पुन्हा विषय काढला नाही त्यांनी, मला वाटलं, पटलं असेल. पण मी निघाले की खिडकीत बसायचे, मी येईपर्यंत. टेबलावर घड्याळ उघडून ठेवायचे आणि हात लावायचे नाहीत. हे मला शेजारणीनं सांगितलं. तर भीती वाटत होती त्यांना, ते कळतं मला, एवढी काही मी मूर्ख नाही. भांडायचं होतं माझ्याशी. चाव्या लपवायच्या, चाकातली हवा सोडायची, सरळ म्हणायचं, विकतोय मी, माझ्या नावावर आहे — मी आकाशपाताळ एक केलं असतं, महिनाभर बोलले नसते, आणि मग बोलले असते. गाडी नेली त्याचं काही नाही हो. पण मला सांगितलं, की तूच विसरलीस. डोक्यावर हात ठेवून सांगितलं. गॅस आणि नळ दोनदा तपासत मी घरभर फिरते ते त्यांनी रोज बघितलं. मी रात्री जेवताना सांगितलं होतं त्यांना, त्या आजोबांनी हात मागं घेतला ते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग काउंटरच बरं नाही का तुला. आणि मला वाटलं, किती समजून घेतात. आणि कडी दोनदा पाहिलीस ना म्हणून विचारतात ते काळजीनं नाही, ती जखम भरून येऊ नये म्हणून —

नाही. असं नको म्हणायला. काळजीही असेल. दोन्ही असेल. मला आता ठरवता येत नाही, आणि ते ठरवायला मी कशाला बसू? साखळी मी लावली होती. ऐकलंत तुम्ही? कट्‌ असा आवाज आला होता, तो खरा होता.

काय? — परत? नको हो, तुम्ही चांगले आहात, पण नको. कागद तुमच्या नावावर झालेत, रंगही चांगला दिलाय, आणि तुमच्या मिसेसना दवाखान्यात न्या-आणायला लागेलच. आणि परत नेऊन मी लावू कुठं, त्याच खांबाला? वर खिडकीत ते. मग कुलूप कुणापासून लावायचं मी? नको. उठा, काढते साखळी. जरा पाय बाजूला. — हे बघा, तुम्ही मघाशी ओढलीत तेव्हा तुमचा निळा रंग लागला हिला. पुसू नका. राहू दे. असू दे तसाच. आज घरी गेले की मी ही त्यांच्या टेबलावर ठेवणार, वेटोळं करून, वर कुलूप, भिंगाच्या शेजारी. तो निळा डाग दिसायला भिंगाचीसुद्धा गरज पडणार नाही त्यांना. आणि कडी दोनदा पाहिलीस ना म्हणून विचारलं, तर सांगेन, एकदा पाहिली. एकदाच.

तुमच्या मिसेसचं पुढच्या महिन्यात पुन्हा रक्त तपासायचंय, रिपोर्टच्या शेवटी लिहिलंय ते. त्यांना इथं आणू नका, त्रास होईल. मी येईन घरी. डॉक्टरीणबाईंना आजच सांगते, मला फेरी परत द्या म्हणून. बसनं येईन, चालत येईन. त्यांना उपाशी राहायला सांगा, आणि चहाचं आधण ठेवायला. टोचलेलं कळणार नाही त्यांना. — नाव? नाव आहे माझ्या लक्षात. एकदा ऐकलं की राहतं.

निघा आता. माझी सुट्टी संपली, आतून बघतायत. — काय झालं? नाही होणार ती सुरू, कितीदा स्टार्टर दाबाल? बोलण्याच्या नादात विसरलात तुम्ही. मावशी जागी आहे ना. झोपवा तिला, आणि जा.